जावेपुढं शिकलेली स्पॅनिश

आमच्या घराण्यात मदत मागायची एक रीत आहे. ज्याच्याकडं काम आहे त्याच्या घरी जायचं, पाणी प्यायचं, चहा प्यायचा. पाऊस, सोयाबीनचा भाव, कुणाच्या पोराचं लग्न कुठं अडलंय, हे सगळं बोलून घ्यायचं. मग ‘बरं, येतो’ म्हणून उठायचं. दारात येऊन एका पायात चप्पल घालायची आणि दुसरी शोधता शोधता, जणू आत्ताच आठवल्यासारखं म्हणायचं, ‘हां, ते जरासं एक काम होतं.’ यात समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर त्याचीही सोय होते आणि आपल्याला लगेच निघता येतं, कारण चप्पल पायातच असते. माझे वडील असंच मागायचे, चुलतेही असंच मागायचे. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात नोकरी करतो, तिथं साहेबाकडं रजासुद्धा दाराच्या उंबऱ्यावरूनच मागत आलोय. ती बहुतेक वेळा मिळत नाही, पण रीत ती रीत.

स्पेनमध्ये ही रीत चालत नाही, हे आम्हाला लेकीच्या बाळंतपणात कळलं.

लेक तिकडं समुद्रकाठच्या एका लहान गावात राहते. जावई जहाजावर इंजिनियर, महिन्यातले निम्मे दिवस पाण्यावर. सातव्या महिन्यात ती एकटी असताना स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली आणि आपली आपणच शुद्धीवर आली. डॉक्टरांनी रक्तदाबाचं कारण सांगितलं आणि हिला एकटं ठेवू नका म्हणून बजावलं. तेव्हा बायकोनं जायचं ठरलं. मला रजा मिळण्यासारखी नव्हती, कारण वर सांगितलंच.

तिकीट झालं, लाडवाचा डिंक आला, बाळंतविडा बांधून झाला, आणि एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, “पोरगी शुद्धीवर असली तर ती बोलंल. ती पडली तर बोलणार कोण?”

माझा घास हातातच राहिला. माझ्या बायकोनं आजवर परक्या माणसाकडं काहीही मागितलेलं नाही. एसटीत खिडकी बंद करायची असली तर ती मला कोपरानं ढोसते, मग मी पुढच्या माणसाला सांगतो. दवाखान्यात डॉक्टर तिला विचारतात काय होतंय, आणि ती माझ्याकडं बघते. घरात तिचा आवाज पार विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जाईल, पण उंबऱ्याबाहेर तिच्या वतीनं बोलणारा मी. आणि मी असणार नांदेडात.

फोनवर भाषांतर करून देणारं यंत्र असतं म्हणतात. तेही आणलं. पण ते तिच्या मराठीला मराठी मानायलाच तयार होईना. शेवटी मीच मास्तर झालो. फोनवरचे व्हिडिओ बघून संध्याकाळी मी शिकवायचो. मी दाराच्या आत उभा, म्हणजे स्पॅनिश शेजारी, आणि ती बाहेर. दोन-तीन दिवसांत तिनं सांगून टाकलं की शेजारी बनियनवर असतो हे तिला पटत नाही आणि तिच्याकडनं हे होणार नाही. वर हेही की, माझ्याकडनं तर ते मुळीच होत नाहीये.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात खरी स्पॅनिश येणारं माणूस एकच. लातूरला माझ्या धाकट्या भावाची सून. पोरगी पुण्यात भाषा शिकलेली, आता घरातूनच काम करते. दुपारपासून वरच्या खोलीत बसून तिकडच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. पण भावाच्या घरात आम्ही पाय ठेवून काही वर्षं झाली होती.

भांडण लेकीच्या लग्नाचं. भावकीत लग्नाचं आवतन घरी जाऊन द्यायचं असतं, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून. सख्ख्या भावाला तर सगळ्यात आधी. व्हिसाच्या गडबडीत लग्न घाईत ठरलं आणि मी भावाला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. फोनही केला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. तो लागला नव्हता, हा भाग वेगळा. भाऊ आला, मांडवाच्या कडेला बायकोसकट उभा राहिला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. न जेवता! दोनशे माणसांनी विचारलं, लातूरचे कुठं गेले. तेव्हापासून मी म्हणतो त्यानं माझी अब्रू घालवली, तो म्हणतो मी त्याला मोबाइलात बसवला.

एवढं सगळं ठाऊक असताना मी काय केलं? भावाच्या सुनेला व्हॉट्सॲपवर निरोप धाडला. ‘बाळ, मोठ्या आईला थोडी स्पॅनिश शिकवशील का.’ पोरगी रीतीची. तिनं तो सासऱ्याला दाखवला. संध्याकाळी भावाच्या नंबरावरून उत्तर आलं, कित्येक वर्षांतलं पहिलं: ‘घरी या.’

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. “पुन्हा तेच? माणूस हाव का भिंत?”

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही लातूरला उतरलो. रस्ताभर बायको खिडकीबाहेर बघत होती. ऊन तोंडावर येत होतं तरी तिनं मला कोपर मारलं नाही. यावरून राग किती असेल ते मी ओळखलं.

भाऊ आडत दुकान सांभाळतो. त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता. सोफ्यावर बसूनच ‘या’ म्हणाला, उठला नाही. भावजय पाण्याचा तांब्या आणून ठेवून आत गेली, ती माझ्या बायकोकडं न बघता. माझी बायकोही तांब्याकडंच बघत होती. मी पाऊस काढला, तो ‘हां’ म्हणाला. मी सोयाबीन काढलं, तो ‘हां’ म्हणाला. मी गुडघेदुखी काढली, तेव्हा तो टीव्ही लावून बसला. चहा आला, संपला. आता रीतीप्रमाणं मी उठलो, ‘बरं, येतो’ म्हणालो, दारात गेलो, डावी चप्पल घातली आणि उजवी शोधता शोधता म्हणालो, “हां, ते जरासं एक काम होतं.”

भावानं टीव्ही बंद केला. “दादा, चप्पल काढा. बसून मागा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तो बघत होता थेट. मी मोठा, तो धाकटा. त्याला सायकल मी शिकवली, त्याच्या वाटचा मार बापाच्या हातनं मी खाल्ला, आणि तो मला ‘तुम्ही’ म्हणत म्हणत उघडा पाडत होता. बायको अजून आतच बसून होती. ती उठलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे हे होणार हे तिला ठाऊक असावं. मी चप्पल काढली. परत येऊन बसलो. लेकीचं, चक्कर येण्याचं, जावयाच्या जहाजाचं, सगळं सरळ सांगितलं आणि म्हणालो, “हिला शिकवायला सुनेला सांग. एवढी मदत कर.”

“असं मागत असतेत,” भाऊ म्हणाला. “फोनात बसून न्हाई.”

“तू जेवून गेला असतास तर फोन करायची वेळ आली नसती.”

“आवतन असतं तर जेवलो असतो.”

वरून सून आली नसती तर पुढं काय झालं असतं सांगता येत नाही. ती पोरगी आमच्या दोघांच्या मधून गेली, माझ्या बायकोच्या पाया पडली आणि म्हणाली, मोठ्या आई, फोनवर होणार नाही, इथंच राहावं लागेल. भावजयीनं आतून भांडं आपटलं. बायकोनं माझ्याकडं न बघता हाव म्हटलं. मी एकटा एसटीनं परत आलो, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की भावानं मला जेवूही घातलं नव्हतं. फिटंफाट.

सुनेची शिकवायची पद्धत मला बायकोनं फोनवर दबक्या आवाजात सांगितली. पाठांतर नाही. एकच वाक्य: ‘पेर्दोने, मे प्वेदे आयुदार, पोर फावोर?’ माफ करा, मला मदत करता का, कृपा करून. त्याला जोडून लेक पडली आहे, दवाखान्याची गाडी बोलवा, एवढं. पण हे वाक्य रोज खऱ्या माणसाला, खऱ्या गरजेपायी म्हणायचं. आणि सुनेनं त्यासाठी घरातलं सगळ्यात नाखूश माणूस निवडलं होतं. म्हणजे तिची सासू. घरात पाणी पाहिजे, मीठ पाहिजे, बादली पाहिजे, सगळं धाकट्या जावेकडं स्पॅनिशमध्ये मागायचं. तोंडाकडं बघून पूर्ण म्हटल्याशिवाय जावेनं काही द्यायचं नाही.

“अन् ती बया देत न्हाई हो,” बायको सांगत होती. “सकाळी अंघोळीला गरम पाणी मागितलं, पोर फावोर राहून गेलं. गार पाण्यानं करायला लावली अंघोळ.”

मी म्हणालो, परत ये. ती म्हणाली, पोरगी कोण बघंल, तुम्ही? मी फोन ठेवला.

रविवारी मी लातूरला गेलो. भाऊ ‘या’ म्हणाला, यावेळी टीव्ही आधीपासूनच चालू होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसलो. आत भावजय ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिच्या मागं फळीवर साखरेचा डबा. माझी बायको समोर. माझ्यासाठी चहा करायचा होता. सून पोळ्या लाटत होती, मान वर न करता.

बायकोनं सुरुवात केली ती आमच्याच रीतीनं. आधी जावेच्या कंबरेची चौकशी. सून लाटता लाटताच म्हणाली, मोठ्या आई, तोवर दार लावून घेतील तिकडं, सरळ विचारा. बायकोनं मग वाक्य म्हटलं, घडाघडा, बरोबर, पण खिडकीकडं बघून.

“खिडकीला मागून राहिल्या का मला?” भावजय म्हणाली.

बायकोनं दम घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. मी लग्नाला तीस-एक वर्षं झालेला माणूस आहे, मला त्या नजरेचा अर्थ कळतो. मी खुर्ची थोडी मागं घेतली. “पेर्दोने,” बायको म्हणाली, एकेक शब्द ओट्यावर ठेवल्यासारखा, “मे प्वेदे आयुदार. पोर फावोर.”

भावजय हलली नाही. मग ती मराठीत म्हणाली, “मांडवाच्या दाराला उभी होते मी, ताई. नवी साडी नेसून. तुमी समोरून दोनदा गेल्या. तोंडाकडं बघितलं न्हाई.”

“विहीणबाईंचा मान चालू होता.”

“माजा न्हवता का मान?”

“तुज्या नवऱ्यानं तुला जेवू न घालता नेलं. ते मला काय विचारतीस?”

“मी भुकी गेले लातूरपर्यंत. एसटीत रडत गेले. सांगितलं का कदी कुनाला?”

बायकोनं माफी मागितली नाही, ती मागणारच नव्हती. ती माफी मागते ती फक्त स्पॅनिशमध्ये, ‘पेर्दोने’, आणि तेवढी तिनं मघाशीच मागून ठेवली होती. भावजयीनं मागं न बघता फळीवरचा डबा काढला आणि ओट्यावर आदळला. साखर सांडली. सुनेनं सासूला आठवण करून दिली की आता ‘दे नादा’ म्हणायचं असतं, काही हरकत नाही अशा अर्थानं. सासू म्हणाली, हरकत हाय, मी म्हननार न्हाई.

चहा गोड झाला होता. मी तसं म्हणालो.

निघताना बायको मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, ही बाई तुला छळून राहिली, चल माझ्यासंगं. ती म्हणाली, “छळू द्या. तिच्याकडनं एकदा काही काढून घेता आलं की जगात कुनाकडनं बी येतं.” मला ते तेव्हा रागाचं बोलणं वाटलं.

पुढं बायको स्पेनला निघाली. हैदराबादच्या विमानतळावर तिनं काचेपलीकडून हात केला तो माझ्याकडं न बघता, कारण ती एका गणवेशातल्या पोरीला काहीतरी विचारत होती. स्वतः. मी बराच वेळ तिथं उभा होतो. आपली गरज संपलेली बघणं माणसाला फारसं जमत नाही.

तिकडं गेल्यावर समोरच्या दारातल्या शेजारणीबद्दल ऐकू येऊ लागलं. म्हातारी, एकटी, सोबत एक कुत्रं. जिन्यात भेटली की कपाळाला आठ्या. लेक म्हणे, आई, ती कुणाशीच बोलत नाही, तिच्या नादी लागू नको. लेकीच्या बोलण्यावरून मला वाटे, त्या गावात दुसरं दार नाही का.

निदान त्या मजल्यावर तरी नव्हतंच. एके दुपारी मी कचेरीत असताना बायकोचा फोन आला. तिकडं सकाळ होती, जावई समुद्रावर. ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो. मग तिनं सगळं नीट, क्रमानं सांगितलं. लेक न्हाणीघराच्या दारात कोसळली. हाक मारली, हलवलं, डोळे उघडेनात. बायको अनवाणी धावली आणि समोरचं दार बडवलं. म्हातारीनं साखळी लावूनच दार उघडलं, आठ्या घालून. कुत्रं भुंकत होतं. म्हातारी तिकडच्या भाषेत काहीतरी रागारागानं बोलली आणि दार लोटू लागली.

“तुम्हाला सांगते,” बायको म्हणाली, “तिच्या तोंडाकडं बघितलं अन् मला एकदम लातूरचा ओटा दिसला. तशीच उभी, तशीच नजर. मनलं, हिच्यापरीस अवघड बाईकडनं मी साखर काढलीय. मग घाबरायचं कशाला?”

तिनं दारावर हात ठेवला, डोळ्यांत बघितलं आणि सगळं म्हटलं. कंबरेची चौकशी न करता. पेर्दोने पासून पोर फावोर पर्यंत, लेक पडली आहे, गाडी बोलवा. म्हातारी थांबली. साखळी निघाली. तीच फोनवर कुणाला तरी ओरडून बोलली, तीच घरात आली, लेकीला कुशीवर वळवलं आणि गाडी येईपर्यंत तिथंच फरशीवर बसली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. लगेच ऑपरेशन केलं. नात झाली. दोघी बऱ्या आहेत.

मी फोन ठेवला आणि सरळ साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि रजा मागितली. साहेब इतका दचकला की त्यानं दिली.

लातूरला कळवायचं होतं. हात खिशातल्या मोबाइलकडं गेला होता, हे कबूल करतो, पण तो मी तिथंच दाबून धरला. बायकोनं फोन ठेवण्याआधी बजावलंच होतं, स्वतः जा, आणि जावेला माझा एक निरोप सांगा. मी जिलेबी बांधून घेतली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत गेलो.

भाऊ सोफ्यावरच होता. मी उभ्याउभ्या बातमी सांगितली. सून वरून धावत आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. भावाचे डोळे भरलेले मला दिसले, ते मी बघितल्याचं त्यालाही दिसलं, म्हणून त्यानं लगेच पुडा ओढला आणि एक जिलेबी मोडली.

“व्हॉट्सॲपवर पाठवायची होती की,” तो म्हणाला. “कामून तरास घेतला?”

“पाक गळला असता.”

“असाबी कमीच हाय पाक. नांदेडची हाय का?”

मी चप्पल काढली, न सांगता, आणि बसलो. भावजय दाराशी येऊन उभी होती, हाताची घडी तशीच. तिच्याशी थेट बोलायची मला सवय नाही, म्हणून मी टीव्हीकडं बघत सगळी हकिगत सांगितली. म्हातारी, साखळी, कुत्रं, दार. ती ऐकत होती. फरशीवर बसली म्हटल्यावर तिनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं. आता निरोप सांगायला हरकत नाही.

“हिनं सांगितलंय,” मी म्हणालो, “की त्या म्हातारीला बघितल्याबरोबर तिला तुझी आठवण झाली. अगदी तुझ्यासारखीच होती म्हणे.”

पदर खाली आला.

“माज्यासारकी मंजे कशी, भाऊजी?”

मी टीव्हीकडं बघितलं. टीव्ही बंद होता. सुनेकडं बघितलं, ती मान खाली घालून जिलेबीच्या पुड्याचा दोरा गुंडाळत होती. शेवटी भावाकडं बघितलं, वडिलांच्या हातच्या माराची, सायकलीची, सगळ्याची आठवण डोळ्यांत आणून.

तो सावकाश जिलेबी चावत होता.

“मागा की, दादा,” तो म्हणाला. “चप्पल तर काढलेलीच हाय.”